आल्फ्रेड रेडफिल्ड : समुद्राचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत नत्र आणि फॉस्फरस कसे फिरतात, गवत कुजल्यावर किती कार्बन गाळात उरतो, याचा अंदाज आज संगणकीय प्रारूपांनी बांधतात. त्यात सेंद्रिय द्रव्याचे घटक कोणत्या प्रमाणात धरायचे, असा प्रश्न आला की आल्फ्रेड रेडफिल्ड यांचे नाव निघतेच.

रेडफिल्ड यांचा जन्म १८९० साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा. मुळात ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये असताना ते हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्ताचा अभ्यास करत. या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहाऐवजी तांबे करते. पुढे वूड्स होलच्या सागरविज्ञान संस्थेशी ते जोडले गेले आणि रक्ताकडून समुद्राच्या पाण्याकडे वळले. उडी वाटते तितकी मोठी नव्हती. दोन्हीकडे रसायनांचाच हिशेब होता.

१९३४ साली त्यांनी दाखवले, की वेगवेगळ्या महासागरांच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास एकाच प्रमाणात असतात आणि तेच प्रमाण प्लवकांच्या शरीरातही असते. पुढे आकडे सुधारले आणि कार्बनचे १०६, नत्राचे १६ व फॉस्फरसचा १ अणू असे ‘रेडफिल्ड गुणोत्तर’ रूढ झाले. हा योगायोग नाही, सजीवच समुद्राचे रसायन घडवतात, असे त्यांचे म्हणणे होते. नत्र कमी पडले, तर काही सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू बांधून तूट भरून काढतात.

दलदलीत मात्र हे गुणोत्तर जसेच्या तसे चालत नाही. तिथल्या स्पार्टिना गवताच्या चिवट तंतूंत नत्राच्या मानाने कार्बन फारच जास्त. ते कुजवणारे जिवाणू कमी पडणारे नत्र भोवतालच्या पाण्या-चिखलातून घेतात. म्हणून प्रारूपात गवताचे प्रमाण वेगळे धरावे लागते.

गंमत म्हणजे निवृत्तीनंतर रेडफिल्ड स्वतःच दलदलीत उतरले. मॅसॅच्युसेट्समधील बार्नस्टेबलच्या दलदलीत त्यांनी अर्धवट कुजलेल्या गवताचे, म्हणजे पीटचे, थर तपासले. उंच दलदलीतले गवत भरतीच्या पातळीलगत वाढते. त्यामुळे खोलवरच्या पीटचे वय कार्बन-१४ वरून काढले, की त्या काळची समुद्रपातळी कळते. ही दलदल सुमारे ४ हजार वर्षांत, चढत्या समुद्राबरोबर स्वतः उंच होत घडली होती. समुद्र आज पुन्हा वेगाने चढतो आहे. दलदल त्याच्याबरोबर उंचावेल की बुडेल, हे शोधताना हाच अभ्यास हाताशी घेतात. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा रेडफिल्ड ८१ वर्षांचे होते. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.