बहिणाबाईंची देहूची वाट

बहिणाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या जळगावच्या, जात्यावर दळता दळता ओव्या रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी. पण त्यांच्या अडीचशे वर्षं आधी आणखी एक बहिणाबाई होऊन गेल्या. तुकोबांच्या शिष्या, संत बहिणाबाई. मैत्रिणींनो, आज त्यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १६२८ सालचा. गाव वेरूळजवळचं देवगाव. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. मुलगी भातुकलीच्या वयाची असतानाच लग्न लावून दिलं, आणि नवरा कोण, तर तिशीतला बिजवर! रत्नाकर पाठक. त्या काळात याचं कोणाला नवल वाटत नसे. पुढे वडिलांवर कर्जाचा डोंगर झाला आणि सगळ्यांनाच गाव सोडावं लागलं. आईवडील, जावई आणि ही चिमुरडी असे सगळे मजल दरमजल करीत पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करून कोल्हापूरला पोचले.

बहिणाला देवाची ओढ कोणी लावली नव्हती. बरोबरीच्या मुली खेळात रमायच्या, तिचं मन मात्र कथा-कीर्तनात. कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तनं चालत, ती तिथं जाऊन बसायची. घरी दानात आलेल्या गाईला वासरू झालं होतं. त्याला तिचा एवढा लळा, की ती जाईल तिथं ते मागोमाग. कीर्तनातसुद्धा! एकदा लोकांनी त्याला हुसकून लावलं, तर स्वामींनी ते परत आत आणवलं आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला.

झालं! गावात बोलबाला झाला. रत्नाकर वेदपाठी ब्राह्मण, रागीट. बायकोचं नाव लोकांच्या तोंडी होतंय हे त्याला सहन झालं नाही. त्याने अकरा-बारा वर्षांच्या पोरीला वेणीला धरून बेदम मारलं, वर बांधून घातलं. आईवडील घरातच होते. गाय आणि वासरू चाऱ्याला तोंड लावीनात. पुढे ते वासरू गेलं, आणि बहिणा शुद्ध हरपून पडली. त्याच अवस्थेत तिला तुकोबा दिसले आणि त्यांनी मंत्र दिला, असं तिने स्वतः लिहून ठेवलंय. तुकोबांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. त्यांचे अभंग तेवढे कीर्तनातून कानावर पडलेले.

आता नवऱ्याच्या रागाला पारावार राहिला नाही. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू करायचा? तो घर सोडून निघाला. त्यावेळी बहिणाला दिवस गेलेले होते. इथं तिच्या मनाची जी ओढाताण झाली, ती वाचताना आजही जीव कासावीस होतो. बाईचा जन्म, वेदांना हात लावायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही. मग देव मिळवायचा कसा? आणि स्वप्नातल्या गुरूपायी समोरचा नवरा गमवायचा का? तिने नवऱ्याची सेवा करायचं ठरवलं. आपल्याला हे पटणार नाही कदाचित, मलाही पूर्ण पटत नाही. पण तिने विठ्ठलाला सोडलं नाही, हेही खरं.

एवढ्यात रत्नाकरच तापाने अंथरुणाला खिळला. तिने रात्रंदिवस उशाशी बसून शुश्रूषा केली. तुकोबांची निंदा केली म्हणूनच हे दुखणं आलं, असं त्याला वाटू लागलं. बरा झाल्यावर तो आपण होऊन तिला घेऊन देहूला निघाला. ज्या नावापायी मारलं, त्याच तुकोबांपुढे तोही नतमस्तक झाला!

देहूतही सुख नव्हतं. तिथल्या मंबाजी गोसाव्याने या कुटुंबाचा छळ मांडला. त्याने त्यांच्या गाईला काठीने झोडपलं, तेव्हा वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, म्हणे. याच देहूत लेक काशी जन्मली. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विठोबा.

नंतरचं आयुष्य वैजापूरकडच्या शिऊरला गेलं. तिथंही घरसंसार सुटला नाही, त्यातच अभंग होत गेले. जातीने ब्राह्मण म्हणजे ब्राह्मण नव्हे, असं सांगणाऱ्या ‘वज्रसूची’चा अर्थ त्यांनी मराठीत आणला. कुलकर्ण्याच्या लेकीने त्या काळात हे लिहिलं, बरं का! आणि स्वतःची कहाणी लिहिली, मारहाणीसकट, काही न लपवता. आपल्याकडे एवढ्या जुन्या काळातल्या बाईचं आत्मचरित्र विरळाच. १९२९ साली जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने ते इंग्रजीतही नेलं.

१७०० साली, बहात्तराव्या वर्षी अंतकाळ जवळ आलासं वाटल्यावर त्यांनी परगावी गेलेल्या विठोबाला पत्र धाडून बोलावून घेतलं. त्याला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांच्या गोष्टी सांगितल्या, हा तेरावा आणि शेवटचा म्हणाल्या. शिऊरला त्यांची समाधी आहे.