लेबलावरचं खरं : अर्देशिर गोदरेज

मित्रांनो, हिंगोली जिल्ह्यातलं साखरा हे माझं गाव. आमचा सगळा भाग हळदीचा. काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मोंढ्यात न्यायची. मागच्या सुट्टीत गावातल्या दुकानातून एक 'नॅचरल' साबण आणला. वेष्टनावर हळकुंडाचं हे एवढं मोठं चित्र! मागची घटकांची यादी वाचली, तर हळद शेवटून दुसरी. हसावं की रडावं कळेना. तेव्हा आठवले अर्देशिर गोदरेज.

अर्देशिर यांचा जन्म १८६८ सालचा, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. शिकले वकिली. १८९४ च्या सुमारास कामानिमित्त झांझिबारला गेले. तिथे पक्षकारासाठी सत्याला मुरड घालायची वेळ आली आणि या माणसाने चक्क वकिलीच सोडली!

मुंबईला परतल्यावर त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे नोकरी धरली. पुढे मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज काढून शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायला घेतली. माल उत्तम उतरला. पण विकणाऱ्याला त्यावर विलायती शिक्का हवा होता. देशी शिक्का पाहून गिऱ्हाईक फिरकणार नाही, हा त्याचा हिशोब. अर्देशिर अडून बसले. वस्तू इथे बनली, मग शिक्का तिकडचा कशाला? शेवटी तो धंदा बंद पडला. डोक्यावर कर्ज, हातात काही नाही. तरी १८९७ साली लालबागला त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. पुढे धाकटे बंधू पिरोजशा सोबत आले. कुलपांमागून तिजोऱ्या आल्या आणि गोदरेज हे नाव घरोघरी गेलं.

१९१८ च्या सुमारास ते साबणाकडे वळले. त्या काळी साबणात जनावरांची चरबी सर्रास वापरत. अनेकांना ते धर्माने चालत नसे, पण ओळखायचं कसं? इथे आपली केमिस्ट्री आठवा. चरबी घ्या नाहीतर खोबरेल, कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवलं की फॅटी ॲसिडचा सोडियम क्षार आणि ग्लिसरीन तयार होतं. वडी हातात घेऊन सामान्य माणसाला फरक कळत नाही. त्याने बनवणाऱ्याच्या शब्दावरच विसंबायचं! अर्देशिर यांनी वनस्पती तेलापासून 'चावी' साबण काढला आणि तसा शब्द दिला. गोदरेजच्या साबणाची शिफारस पुढे रवींद्रनाथ टागोरांनीही केली. हा जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण, असं बऱ्याच ठिकाणी छापतात. ते मात्र खरं नाही. अलेप्पो आणि मार्सेलला ऑलिव्ह तेलाचे साबण त्याआधी कित्येक शतकं बनत होते. अर्देशिर यांचं मोठेपण त्या बिरुदावर अवलंबून नाही.

उतारवयात ते नाशिकला शेतीत रमले. १९३६ साली त्यांचं निधन झालं.

आज निदान मागची बाजू वाचायची सोय आहे. सौंदर्यप्रसाधनांवर एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याहून कमी असलेले नंतर, कोणत्याही क्रमाने. म्हणजे चित्र हळदीचं असलं तरी हळद किती, याचा अंदाज यादीवरून येतो. 'केमिकल-फ्री' लिहिलेलं दिसलं तर कॉस्टिक सोडा आठवा, त्याच्याशिवाय साबणाची वडी होत नाही. 'ऑरगॅनिक'चा संबंध पीक कसं घेतलं याच्याशी आहे, तेव्हा प्रमाणपत्र कोणाचं ते बघा. अंघोळीच्या साबणाचा टीएफएम बघा, ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली प्रत.

आणि मित्रांनो, उद्या आपल्यातलेच काहीजण कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला बसणार आहेत. टेस्ट रिपोर्टवर सही करताना वरून दबाव येईल, नोकरीची भीती वाटेल. त्यावेळी कर्जात असूनही खोटा शिक्का न मारणारा हा माणूस आठवला, तरी पुष्कळ झालं!