मुक्तांगणच्या डॉक्टरीणबाई

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून मागितले, तेव्हा जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे इतर भगिनींनी आधीच घेतली होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लिहिण्याची सवय किराण्याच्या यादीपुरती. तरी एक नाव पुष्कळ दिवस मनात होते. ते लिहायचे तर आमच्या घरातली गोष्ट उघड करावी लागणार होती. यांना विचारले. दोन दिवस यांनी काहीच उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मान हलवून होकार दिला. म्हणून लिहीत आहे.

त्या बाईंचे नाव डॉ. अनिता अवचट. त्यांचे यजमान अनिल अवचट त्यांना सुनंदा म्हणत. दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले. पुढे यजमानांनी डॉक्टरी सोडली आणि गोरगरिबांची दुःखे पाहून त्यांवर लिहिण्याचे काम धरले. घर चालले ते बाईंच्या पगारावर. नवरा लिहितो आणि बायको कमावते, ही गोष्ट आमच्या गल्लीत आजदेखील कोणी सहज पचवणार नाही! बाईंनी मनाच्या आजारांची विद्या घेतली आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी केली. लोक ज्या इस्पितळाचे नाव घेताना आवाज खाली करतात, तिथे त्या रोज डबा घेऊन जात असतील, असे माझ्या डोळ्यांपुढे येते.

१९८० नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्याकडे गर्द नावाचे विष आले. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन, अफूपासून बनणारी भुकटी. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. थोड्याच दिवसांत शरीर तिचे गुलाम होते. अवचटांच्या एका स्नेह्यांचा तरुण मुलगा तिच्या आहारी गेला, आणि ही आग त्यांच्या उंबऱ्याशी आली. अनिल अवचटांनी हिंडून, गर्द ओढणाऱ्या मुलांशी बोलून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई फार अस्वस्थ झाले आणि त्यांनी मोठी देणगी देऊ केली. मनोरुग्णालयाच्याच आवारात जागा मिळाली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. लं.च्या हस्ते मुक्तांगण सुरू झाले. पैसे देशपांड्यांचे, लेखणी यजमानांची. परंतु रोगी सांभाळायचे काम डॉक्टरीणबाईंवर आले. चोऱ्या केलेली, आईचे मंगळसूत्र विकलेली पोरे ती! त्यांना मारझोड न करता, कोंडून न ठेवता माणसात आणायचे होते.

आता आमच्या मुलखाकडे येते. व्यसनाशी लढाई नंदुरबारला नवी नाही. तळोदे तालुक्यातील रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी १९३८ पूर्वी भिल्ल बांधवांना दारू सोडायला लावली. एकमेकांना आप म्हणायला शिकवणारा तो पंथ सातपुड्यात अजून आठवला जातो. १९७२ नंतर शहाद्याकडे श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. ते ऐकताना माझी मान अजून ताठ होते. पण मडके फुटल्यावर पिणाऱ्याच्या हाताची थरथर कशी थांबवायची, हा प्रश्न माझ्या घरात होता.

आमचे हे सुतारकामात हुशार. हात असा की पाटाची कड बघतच राहावी. पण दहा वर्षांत पिणे इतके वाढले की सकाळी घोट घेतल्याशिवाय रंधा धरवेना. मी नवस केले, शपथा घातल्या, भांडले, माहेरी गेले, परत आले. एकाने दिलेली पुडी चोरून वरणात कालवली. त्या रात्री यांना ओकाऱ्या झाल्या, छाती धडधडू लागली, आणि मी उशाशी बसून रडत राहिले. अशी औषधे न सांगता दिली तर जीव जाऊ शकतो, हे मला नंतर कळले. भगिनींनो, कोणाच्या घरात अशी पुडी असेल तर कृपा करून टाकून द्या.

२०१९ च्या पावसाळ्यात दिरांनी यांना रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला नेले. मीही बरोबर होते. पस्तीस दिवसांचा उपचार. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली जावे लागतात, कारण जुनी दारू एकदम तुटली तर झोप उडते, भास होतात, फिटसुद्धा येते. त्यावर गोळ्या आणि जीवनसत्त्वे देतात. नंतर योगासने, गटात बोलणे, समुपदेशन. समजूत घालणाऱ्यांत पुष्कळजण पूर्वी स्वतः पिणारे! बरा झालेला माणूस नव्याला हात देतो, ही रीत अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी सुरू केली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस असे तिचे नाव. डॉक्टरीणबाईंनी बऱ्या झालेल्या मुलांना मुक्तांगणातच कामावर घेतले. ज्याच्या हाती घरची माणसे किल्ली देत नव्हती, त्याच्यावर त्यांनी संस्थेचे काम सोपवले. माझ्या मते सगळ्या औषधांत हे औषध मोठे.

तिथे पिणाऱ्यांच्या बायकांचा सहचरी नावाचा गट आहे. मला वाटले होते, नवऱ्याला कसे सांभाळावे ते शिकवतील. तर मलाच विचारले, मी जेवते का, झोपते का. इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. व्यसन हा आजार आहे, तो माझ्या स्वयंपाकातल्या उणिवेने आलेला नाही, हे तिथे ऐकले आणि मला मोकळे रडू आले. आमच्या सासूबाई तर माझ्या पायगुणालाच दोष देत. त्या बिचाऱ्यांना तरी कोण सांगणार होते?

डॉक्टरीणबाईंना मी पाहिलेले नाही. त्यांना कर्करोग झाला. स्वतःचे दुखणे अंगावर वागवीत त्या रोग्यांसाठी राबत राहिल्या आणि १० फेब्रुवारी १९९७ रोजी गेल्या. तेव्हा मी शाळकरी पोर होते, आणि आपला जिल्हाही अजून धुळ्यातून वेगळा झाला नव्हता. पुढे त्यांची कन्या मुक्ताताई पुणतांबेकर यांनी संस्थेचा भार उचलला. २००९ साली व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभागही सुरू झाला. बाया पीत नाहीत असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अनिल अवचट २०२२ साली गेले. मुक्तांगणची गोष्ट त्यांनी पुस्तकात लिहिली आहे. ते मी बोट ठेवून ठेवून वाचले.

घरी आल्यावर सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर खोटे होईल. ठरल्या वेळी जाऊन भेटणे, फोन करणे, गोळ्या न चुकवणे हे उपचाराचेच अंग आहे, असे तिथे बजावले होते. पण २०२० च्या टाळेबंदीत जाणे बंद पडले. मे महिन्यात दुकाने उघडली आणि त्या लांबलचक रांगेत हेही उभे राहिले. नऊ दिवस प्याले. मी या वेळी भांडले नाही, माहेरीही गेले नाही. समुपदेशकांचा नंबर लावला आणि फोन यांच्या हातात दिला. बराच वेळ हे नुसते ऐकत होते. दहाव्या दिवशी थांबले, आणि गाड्या सुरू झाल्यावर पुन्हा पुण्याला जाऊन आले.

अजूनही जातात. जाण्याच्या आदल्या रात्री मी दशम्या करून ठेवते, आणि पुण्याहून परतताना हे माझ्यासाठी न चुकता बाकरवडी आणतात. मंडळाचे नवे लाकडी कपाट यांनीच केले आहे. त्याच्या दाराची कड हात फिरवून बघावी.