पालवणकर बाळू

शेतातील पीक निघाले की डोणगाव-मेहकरकडच्या मोकळ्या वावरांत मुले तीन काठ्या रोवून क्रिकेट खेळू लागतात. हा खेळ आता इतका आपला झाला आहे की, एके काळी मैदानावर कोणी पाऊल ठेवावे व कोणी ठेवू नये याचेही कडक नियम होते, हे सांगूनही कोणास खरे वाटत नाही. त्या काळी ज्यांनी केवळ आपल्या मनगटाच्या बळावर मैदानात प्रवेश मिळविला, त्या पालवणकर बाळूंचे चरित्र वाचकांस येथे थोडक्यात सादर करीत आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चांभार जातीच्या कुटुंबात झाला. पालवण या गावावरून त्यांस पालवणकर हे आडनाव लाभले. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास राहू लागले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळावयास शिकले. पुढे पारशी गृहस्थांच्या एका क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे या कामी बाळूंस दरमहा तीन रुपयांवर नोकरी मिळाली. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन चार रुपये झाले.

या चार रुपयांत जाळे बांधणे, खेळपट्टीवर रेघा आखणे, ही सर्व कामे होती. त्यांतच साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. डाव्या हाताने संथ चेंडू टाकून तो दोन्ही बाजूंस वळविण्याची कला त्यांनी तेथे साध्य केली. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामांकित फलंदाज. त्यास बाद केल्यास प्रत्येक वेळी तो बाळूंस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ग्रेगसाहेबास तासन्‌तास चेंडू टाकून बाळू पटाईत झाले, यात शंका नाही. मात्र त्या जाळ्यात स्वतः फळी हाती घेण्याची संधी त्यांस कोणी दिली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, फलंदाजी ही सरदारी, असाच त्या काळचा समज होता.

पुण्यातील हिंदू खेळाडूंस युरोपियनांवर विजय मिळवावयाचा होता, आणि त्यासाठी बाळू हवे होते. परंतु अस्पृश्याबरोबर खेळावे कसे? पुष्कळ वाद झाला. अखेरीस मार्ग निघाला तो असा : मैदानावर सर्वांनी तोच चेंडू हाताळावा; पण चहाच्या वेळी इतरांनी मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घ्यावा व बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यात द्यावा. जेवणाचे ताटही निराळेच. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास मात्र होता! या व्यवस्थेत बाळूंनी गडी बाद करीत राहावे व संघाने जिंकत राहावे, हे कोणास विपरीत वाटले नाही.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, बाळू मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू व युरोपियन यांचा जो सामना झाला, त्याने बाळूंचे नाव सर्वतोमुखी झाले. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले, आणि दोन्ही डावांत युरोपियनांची फळी मोडणारांत बाळू अग्रभागी होते. शिवरामही त्याच संघात होते. मुंबईच्या जिमखान्यात हे दोघे भाऊ आता इतरांच्या पंक्तीस बसत, याबद्दल सुधारकी पत्रांनी समाधान व्यक्त केले. पुढील वर्षी पारशी, हिंदू व युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाने प्रथम श्रेणीचे चौदा सामने खेळून दहा गमावले. पण बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ गडी बाद केले, तेही खांदा दुखत असता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी टिपले. हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ मध्ये. तेव्हा बाळू छपन्न वर्षांचे होते. कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही, याचे कारण एवढेच.

परंतु कर्णधारपदाच्या यादीत त्यांचे नाव नाही, त्याचे कारण वयात शोधता येणार नाही. वर्षानुवर्षे संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू तेच असता हे पद उच्चवर्णीयांकडे जाई. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे जाहीरपणे बोलून दाखविले. त्यांचे हे औदार्य स्मरणीय आहे. १९२० मध्ये बाळूंस वगळण्यात आले व कर्णधारपदही पालवणकर बंधूंस नाकारले गेले. तेव्हा शिवराम व सर्वांत धाकटे विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. लोकमत त्यांच्या बाजूने गेले. अंतिम सामन्यास बाळूंना परत बोलावून उपकर्णधार नेमावे लागले.

अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील बर्मिंगहॅम शहरात बेसबॉलचे एक प्रसिद्ध मैदान होते. त्यावर गोऱ्यांचा संघ एके दिवशी खेळे व काळ्यांचा दुसऱ्या दिवशी. तेथील मुख्य संघांत जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीयास स्थान मिळावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्याआधी वर्षभर त्याने माँट्रियलच्या दुय्यम संघात आपली योग्यता सिद्ध करून दाखविली. बाळूंची उमेदवारी तर जवळजवळ तीस वर्षांची, आणि तिचे फळ पदरी पडले ते भावाच्या.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात आले. तरुण आंबेडकरांस एके काळी बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान वाटे. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंसच उभे केले. ज्या दोन पुरुषांनी अस्पृश्यतेचा डाग निरनिराळ्या मार्गांनी पुसावयास घेतला होता, त्यांस समोरासमोर आणण्यात काँग्रेसची चतुराई दिसते. न्याय दिसत नाही. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. त्यानंतर बाळू सार्वजनिक जीवनात फारसे दिसले नाहीत. जुलै १९५५ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, प्रत्येकी सरासरी पंधरा धावा देऊन.