दोन चटयांच्या खोलीचा शिल्पकार

जपानी घर म्हटले की लाकडी खांब, सरकती कागदी दारे, जमिनीवर अंथरलेल्या तातामी चटया आणि जवळजवळ रिकामी खोली असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. या साधेपणाला जपानचे हवामान आणि तेथील विपुल लाकूड जितके कारणीभूत आहे, तितकीच सोळाव्या शतकातील एका चहाविधीच्या आचार्यांची दृष्टीही कारणीभूत आहे. त्यांचे नाव सेन नो रिक्यू. पेशाने ते सुतार नव्हते की गवंडीही नव्हते. पण खोलीत काय असावे आणि काय नसावे, याचा विचार त्यांच्याइतका कठोरपणे क्वचितच कोणी केला असेल. सत्तेच्या सावलीत राहून हा विचार जपताना अखेर त्यांना प्राणांस मुकावे लागले.

रिक्यू यांचा जन्म १५२२ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई या बंदरात झाला. त्यांचे बालपणीचे नाव योशिरो. वडील मासळीचे घाऊक व्यापारी आणि गोदामांचे मालक होते. देशभर सरदारांची यादवी माजली असताना साकाईचे धनाढ्य व्यापारी आपल्या शहराचा कारभार बऱ्याच अंशी स्वतःच चालवीत. चहाविधी हा त्यांच्या प्रतिष्ठेचा भाग होता. ऐन तारुण्यात रिक्यू यांनी प्रथम कितामुकी दोचिन यांच्याकडे आणि नंतर ताकेनो जोओ यांच्याकडे या कलेचे धडे घेतले. जोडीला झेन पंथाची साधनाही सुरू होती.

त्या काळी उच्चभ्रूंच्या घरांत ‘शोइन’ पद्धतीचे दिवाणखाने असत. चौकोनी तासलेले खांब, रंगवलेली सरकती दारे, चित्र टांगण्यासाठी प्रशस्त कोनाडा आणि मांडणीवर चीनहून आणलेली महागडी भांडी असा त्यांचा थाट असे. चहाची मेजवानी म्हणजे या संपत्तीचे प्रदर्शनच. पंधराव्या शतकात मुराता जुको यांनी या दिखाऊपणापासून दूर जाण्यास आरंभ केला आणि जोओ यांनी ती वाट पुढे नेली. उणिवेत, जुनेपणात आणि साधेपणात सौंदर्य पाहणाऱ्या या वृत्तीला जपानी भाषेत ‘वाबी’ म्हणतात. साडेचार चटयांची खोली हे तिचे प्रमाण ठरले होते. रिक्यू यांनी ते आणखी आक्रसून दोन चटयांवर आणले.

साकाईवर ओदा नोबुनागाने वर्चस्व मिळवल्यानंतर रिक्यू त्याच्या चहाविधीच्या आचार्यांपैकी एक झाले. १५८२ मध्ये क्योतोतील होन्नो-जी मंदिरात नोबुनागाचा अंत झाला आणि सत्तेची सूत्रे तोयोतोमी हिदेयोशीकडे आली. सामान्य पायदळाच्या शिपायापासून देशाच्या सर्वोच्च सत्तेपर्यंत पोहोचलेल्या या पुरुषाने रिक्यू यांना आपले प्रमुख चहाचार्य केले. याच सुमारास क्योतो आणि ओसाका यांच्या दरम्यान असलेल्या यामाझाकी येथे ‘ताइआन’ ही खोली उभी राहिली असे मानले जाते. रिक्यू यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि आज टिकून असलेली ही एकमेव चहाखोली समजली जाते.

ताइआनचा मुख्य भाग अवघ्या दोन तातामी चटयांचा, म्हणजे सुमारे चाळीस चौरस फुटांचा आहे. मुंबईतल्या चाळीच्या खोलीतही याच्या तीन-चार पट जागा असते. यजमान, पाहुणे, कोपऱ्यातली शेगडी आणि चहाची भांडी एवढ्यातच सामावायची. भिंती मातीच्या, त्यात मिसळलेला पेंढा डोळ्यांना दिसेल असा ठेवलेला. कोनाड्यातील कोपरे आणि छतही मातीने लिंपून गोलसर केल्यामुळे त्याची खोली नेमकी किती, याचा नजरेला चटकन अंदाज येत नाही. खिडक्यांची योजना विशेष लक्षणीय आहे. भिंतीचा काही भाग लिंपायचा सोडून आतील कुडाच्या कामट्या उघड्या ठेवायच्या आणि त्यामागे कागद लावायचा. या खिडक्यांतून बाहेरचे दृश्य दिसत नाही, केवळ मंद उजेड झिरपतो. छताचे तीन भाग पाडून त्यातील एक उतरता ठेवल्याने एवढ्याशा जागेतही कोंडल्यासारखे वाटत नाही.

खोलीत शिरण्यासाठी जेमतेम दोन-अडीच फुटांचे सरकते दार असते. पाहुण्याने गुडघ्यांवर बसून, मान लववून आत सरकायचे. लांब तलवार लावून त्यातून जाता येत नाही, म्हणून सामुराईने ती बाहेरच्या खुंटाळ्यावर ठेवायची. ज्या समाजात कोणी कोणासमोर किती वाकायचे हे जन्माने ठरत होते, तेथे सरदार आणि व्यापारी सारखेच वाकून आत येत. खोलीपर्यंत नेणारी दगडांची पायवाट आणि हात-तोंड धुण्याचे दगडी कुंडही याच तयारीचा भाग होते. वापरातील वस्तूही रिक्यू यांनी बदलल्या. चिनी पात्रांऐवजी त्यांनी कौले घडवणाऱ्या चोजिरो या कारागिराकडून हाताने घडवलेले काळे वाडगे करवून घेतले आणि बांबूचा तुकडा कापून त्याची फुलदाणी केली.

हिदेयोशीला मात्र वैभवाची ओढ होती. त्याने सुटी करून कोठेही नेता येईल अशी सोन्याने मढवलेली चहाखोली बनवून घेतली आणि १५८६ मध्ये ती सम्राटांच्या राजवाड्यात उभारली. त्याआधी १५८५ मध्ये सम्राट ओगिमाची यांच्यासाठी हिदेयोशीने योजलेल्या चहाविधीत साह्य करण्यासाठीच त्यांना ‘रिक्यू’ ही उपाधी मिळाली होती. १५८७ मध्ये क्योतोच्या कितानो देवस्थानात विशाल चहामेळा भरला. त्याला येण्याची मुभा गोरगरिबांनाही होती. एका आचार्यांच्या हातून एकाच वेळी मातीची आणि सोन्याची खोली सांभाळली जात होती.

चहाची खोली हे खलबतांचेही ठिकाण होते. दरबारात सरकारी कामे हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा पाहतो आणि खासगी बाबी रिक्यू पाहतात, अशी ख्याती सरदारांत पसरली होती. एका व्यापाऱ्याच्या मुलाला लाभलेले हे वजन अनेकांना सलणारे होते. १५९० मध्ये रिक्यू यांचे शिष्य यामानोउए सोजी यांना हिदेयोशीने ठार करविले. १५९१ च्या आरंभी हिदेनागाचे निधन झाले आणि दरबारातील त्यांचा मोठा आधार तुटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वज्राघात झाला. क्योतोतील दाइतोकु-जी मंदिराच्या महाद्वारावरील मजला रिक्यू यांच्या देणगीतून १५८९ मध्ये पूर्ण झाला होता. कृतज्ञता म्हणून मंदिराने तेथे त्यांचा पायताण घातलेला लाकडी पुतळा बसवला. दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला, खुद्द हिदेयोशीलाही, त्या पायांखालून जावे लागते, असा ठपका ठेवण्यात आला. चहाची भांडी अवाच्या सवा किमतीला विकल्याचाही आरोप झाला. खरे कारण कोणते, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. रिक्यू यांना साकाईत स्थानबद्ध करण्यात आले. रोषाची पर्वा न करता फुरुता ओरिबे आणि होसोकावा सान्साई हे दोन शिष्य त्यांना निरोप देण्यासाठी योदो नदीच्या धक्क्यावर आले. पुतळा उतरवून क्योतोतील एका पुलापाशी खांबाला बांधण्यात आला. पुढे रिक्यू यांना राजधानीत परत आणून पोट चिरून आत्मत्याग करण्याचा हुकूम झाला. २१ एप्रिल १५९१ रोजी त्यांनी तो पाळला. जपानी गणनेनुसार त्यांचे वय सत्तर होते.

कुटुंबाची वाताहत झाली. काही वर्षांनी हिदेयोशीनेच घराणे पुन्हा उभे करण्यास परवानगी दिली. नातू सोतान यांनी सत्ताधीशांच्या चाकरीपासून स्वतःला कटाक्षाने दूर ठेवले. त्यांच्या तीन मुलांपासून ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी सुरू झाली आणि ती आजही ही परंपरा चालवीत आहेत.

चहाखोलीतील न सोललेले लाकूड, मातीच्या भिंती, बांबू आणि रिकामी जागा पुढे राहत्या घरांत उतरली. ‘सुकिया’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीचा सतराव्या शतकातील परिपाक म्हणजे क्योतोचा कात्सुरा प्रासाद. १९३३ मध्ये जपानला आलेले जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउट तो पाहून भारावून गेले आणि त्यांच्या लेखनातून ही शैली आधुनिक वास्तुशास्त्राच्या चर्चेत आली. रिक्यू यांच्या अखेरच्या चहाची कथा जगाला सांगितली ती ओकाकुरा काकुझो यांनी, १९०६ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या चहाविषयक पुस्तकात. हेच ओकाकुरा त्यापूर्वी १९०२ मध्ये भारतात होते आणि कोलकात्यात ठाकूर कुटुंबाच्या सहवासात राहिले होते.

हिदेयोशीचा क्योतोतील जुराकुदाई प्रासाद १५९५ मध्ये त्याच्याच आज्ञेने पाडला गेला. ओसाकाचा त्याचा किल्ला १६१५ च्या युद्धात भस्मसात झाला. मूळ सोनेरी चहाखोलीही उरली नाही. माती, पेंढा आणि बांबूची ताइआन मात्र यामाझाकीतील म्योकी-आन मंदिराच्या आवारात अजून उभी आहे. १९५१ मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला.