प्रतापसिंह भोसले (सातारा)

प्रतापसिंह भोसले (१८ जानेवारी १७९३ – १४ ऑक्टोबर १८४७) हे सातारा संस्थानाचे छत्रपती होते. एकोणिसाव्या शतकातील सातारा शहराच्या उभारणीचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

पूर्वायुष्य

वडील दुसरे शाहू यांच्या निधनानंतर १८०८ साली ते गादीवर आले. मात्र सर्व सत्ता पेशव्यांच्या हाती असल्याने छत्रपतींचे कुटुंब नजरकैदेतच होते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना आपल्या लष्करासोबत फिरवले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले व प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना वारणा आणि नीरा या नद्यांमधील मुलूख मिळाला. परराज्यांशी परस्पर संबंध ठेवण्यास व सैन्य वाढवण्यास मात्र त्यांना मनाई होती. प्रत्यक्ष कारभार १८२२ साली त्यांच्या स्वाधीन झाला.

नगररचना व लोकोपयोगी कामे

लष्करी पराक्रमाचा मार्ग तहाने बंद झाल्यावर प्रतापसिंहांनी आपले लक्ष बांधकामाकडे व शिक्षणाकडे वळवले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी थोरल्या शाहूंनी वसवलेल्या शहरात त्यांनी राजवाडा बांधला, रुंद रस्ते आखले आणि डोंगरातील पाणी शहरात खेळवण्याची सोय केली. सातारा ते महाबळेश्वर रस्ता त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १८२९ साली महाबळेश्वरच्या मोबदल्यात त्यांनी कंपनी सरकारकडून खंडाळा हे गाव घेतले. त्यांनी शाळा काढल्या आणि छापखानाही सुरू केला. ग्रँट डफ यांना मराठ्यांचा इतिहास लिहिताना सातारा दरबारातील दप्तराचा उपयोग झाला.

वेदोक्त वाद

भोसले घराण्याचे क्षत्रियत्व आणि प्रभू समाजाचा वेदोक्ताचा अधिकार यांवरून १८३० च्या सुमारास साताऱ्यात मोठा वाद झाला. विरोधी पक्षात बाळाजीपंत नातू व सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन हे प्रमुख होते. चिंतामणराव स्वतःही सांगली शहराचे व तेथील गणपती मंदिराचे निर्माते होते. या वादाने दरबाराला शत्रू निर्माण झाले.

पदच्युती व निधन

गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान बांधल्याचा, तसेच कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप महाराजांवर ठेवण्यात आला. मुंबईचे गव्हर्नर जेम्स कार्नॅक यांनी १८३९ साली साताऱ्यास येऊन, दोष कबूल केल्यास गादी राखण्याची तयारी दर्शवली. न केलेला अपराध कबूल करण्यास प्रतापसिंहांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले. रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे राहून महाराजांची बाजू मांडली, परंतु निर्णय बदलला नाही. काशी येथेच प्रतापसिंहांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी शहाजीही निवर्तले. डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले.

वारसा

साताऱ्यातील सरकारी शाळेला पुढे प्रतापसिंहांचे नाव देण्यात आले. राजवाड्यात भरणाऱ्या याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांनी प्रवेश घेतला. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.