डॉज-फार्गो ट्रकांमागचा सोलापूरचा माणूस : वालचंद हिराचंद

कोरपना : गडचांदूर, आवारपूर, नारंडा या पट्ट्यात आज सिमेंटच्या ट्रकांची रांग दिवसरात्र तुटत नाही. ट्रक बिघडला की पार्ट जवळच्या दुकानात मिळतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी चंद्रपूर-नागपूरहून येतो. पण एक काळ असा होता की साधा गिअर तुटला तरी तो सातासमुद्रापलीकडून यायचा, अन् तोवर गाडी उभी. ही अडचण ज्या माणसानं फार आधी ओळखली, त्याचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजराती जैन, धंदा कापसाचा अन् सावकारीचा. घरच्या पेढीत त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. तिथून ठेकेदारी वाढत गेली. बोरघाटातले रेल्वे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन अशी मोठी कामं त्यांनी केली. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

दरम्यान त्यांनी समुद्रातही उडी घेतली होती. सिंधिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला ते उघड आव्हान होतं. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

मोटारीचा ध्यास

त्या वेळी देशात मोटारी नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, मागोमाग फोर्डही आली. शेवर्ले अन् फोर्डचे ट्रक, पिकअप रस्त्यावर दिसू लागले. पण हे काम फक्त जोडणीचं. सुटे भाग पेट्यांत भरून परदेशातून यायचे, इथं नटबोल्ट आवळून गाडी बाहेर पडायची. इंजिन, गिअर, एक्सल इथं बनवायचा कोणाचाच विचार नव्हता.

सर विश्वेश्वरय्या यांनी देशी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंद यांनी ती उचलून धरली. 1939 मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्सशी बोलणी झाली, पण जमलं नाही. क्रायस्लर कंपनी तयार झाली आणि 1940 मध्ये करार झाला. याच दौऱ्यात विमान धंद्यातले अमेरिकन गृहस्थ विल्यम पॉली यांची गाठ पडली. त्यातून डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी बसवली.

मोटारीचं घोडं मात्र अडलं. महायुद्ध पेटलं होतं, लष्कराला हजारो ट्रक हवे होते. तरीही इंग्रज सरकारनं देशी मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग म्हणून हात दिला नाही. परदेशी कंपन्यांच्या इथल्या शेडमध्ये लष्करी ट्रक जोडले जात होते आणि वालचंद यांची योजना कागदावर पडून होती. इतक्यात 1942 मध्ये विमान कारखानाही सरकारनं ताब्यात घेतला.

कुर्ल्याचा कारखाना

ते खचले नाहीत. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या मोटारी, आणि डॉज व फार्गो हे ट्रक. डॉज आणि फार्गो हे खरं तर एकाच घरचे भाऊ. नावाची पाटी वेगळी, आतला बराचसा ऐवज तोच. म्हणून एकाचा पार्ट दुसऱ्याला चालायचा. जुने ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना ही गोष्ट पक्की ठाऊक असते. पुढं पेट्रोल इंजिनाच्या जागी पर्किन्सची डिझेल इंजिनं आली, तरी पुढचा तोंडवळा ओळखीचाच राहिला.

सुरुवातीला कुर्ल्यातही जोडणीच होती, टीकाही झाली. पण इथं हेतू हळूहळू भाग देशात बनवण्याचा होता, आणि फरक तिथंच पडला. स्वतंत्र भारताच्या सरकारनं 1953 च्या सुमारास ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, उत्पादनाचा कार्यक्रम हवा. फोर्ड आणि जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली.

याचा परिणाम जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांना आजही जाणवतो. त्या काळच्या शेवर्ले किंवा फोर्ड पिकअपचा भाग शोधायचा तर बहुधा परदेशाकडेच डोळे लावावे लागतात. डॉज-फार्गोचं तसं नाही. त्या इथं वर्षानुवर्षं बनत अन् चालत राहिल्या, म्हणून कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात, एखाद्या गॅरेजच्या मागच्या भंगारात काही ना काही हाती लागण्याची आशा असते.

शेवटची वर्षं

14 मार्च 1948 रोजी विशाखापट्टणमला 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला आणि कारभार हातातून सुटला. 1952 मध्ये जहाज कारखानाही सरकारकडे गेला. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं. विमान गेलं, जहाज गेलं, पण मोटार कारखाना घरात राहिला.

वालचंद हयात होते तेव्हा राजुरा-कोरपन्याचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, सिमेंट कारखान्यांचा मागमूस नव्हता. आज त्याच मातीतला चुनखडीचा दगड ट्रकनं कारखान्यात जातो अन् सिमेंट होऊन ट्रकनंच बाहेर पडतो. ते ट्रक देशातच बनतात, त्यांचे पार्टही इथलेच असतात. सोलापूरच्या या माणसाचा हट्ट नेमका त्याचसाठी होता.